कालची पाच वाक्यं

काळ्या दगडाचा वरवंटा, एका अंगानं झिजलेला.

भिंतीपलीकडे रेडिओ. तुरीवर अळी पडली तर काय फवारायचं ते सांगणारा माणूस.

गळ्याखालचं आडवं हाड फार सहज मोडतं. जुळतंही बरं.

गो, वेन्ट, गॉन.

लोखंडी दाराच्या बिजागरीजवळ रुतून बसलेला हिरव्या बांगडीचा तुकडा.

आयर्लंडमध्ये थंडी पडली की डाव्या हाताची दोन बोटं आधी सांगतात, रेडिओ नंतर.

"भाभी, तुमी तर डेंजर निघालात की!" असं गफार म्हणाला आणि सगळे हसले.

ब्रेक, ब्रोक.

*

"खोटं चालंल," डोईजोडे सर म्हणाले. "चूक चालणार नाही."

उदगीरला धान्याच्या मोंढ्याजवळ बॅटरीच्या दुकानावर एक माडी होती. जिन्याला कठडा नव्हता. वर तीन बाकडी, एक फळा, आणि फरशीच्या फटींतून वर येणारा तेजाबाचा वास. संध्याकाळी वीज जायची, मग खालचा दुकानदार एक बॅटरी जोडून द्यायचा आणि तिच्यावर एकच बल्ब जळायचा. त्या उजेडात सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग चाले.

आम्ही चौघंच होतो. गफार जीप चालवायचा, त्याला कतारला जायचं होतं. जिजाताई अंगणवाडीत होत्या. मुलानं पुण्याची बायको केली, तिच्याशी तिच्याच भाषेत भांडता यावं म्हणून येते, असं त्या स्वतःच सांगायच्या. तिसरी मी. माझ्या मागच्या बाकड्यावर माझा नवरा मन्मथ.

मी हाडांच्या दवाखान्यात नर्स होते. आयर्लंडच्या एका दवाखान्याची माणसं हैदराबादला येऊन मुलाखती घेणार होती आणि माझा अर्ज पुढं सरकला होता. तिथं पहिला प्रश्न ठरलेला असतो: आजवर काय काम केलंत? म्हणजे सगळं उत्तर भूतकाळात. माझं घोडं तिथंच पेंड खायचं. प्लास्टर चढवायला सांगा, झोपेत चढवीन. काल चढवलं हे इंग्रजीत सांगायला गेलं की ते मी आज चढवायची, उद्या चढवायची, रोज चढवायची. काल काही केल्या व्हायचा नाही.

मन्मथला इंग्रजीचं काडीचं काम नव्हतं. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. पण मी वर्गाचं नाव काढलं तेव्हा तो म्हणाला, "बायको चारचौघांत बसणार आणि मी काय दुकानात शिट्ट्या मारत बसू?" आणि स्वतःचंही नाव घालून आला. आयर्लंडला तो कधी हो म्हणायचा, कधी नाही. ज्या दिवशी हो म्हणायचा त्या दिवशी मलाच त्याची जास्त भीती वाटायची. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली त्याच्या करदोड्याला.

सरांची पद्धत साधी होती. फळ्यावर क्रियापदं लिहायची, आजचं रूप, कालचं रूप. ती घोकायची. मग एकेकानं उभं राहून काल काय केलं ते पाच वाक्यांत सांगायचं.

"सर, माझ्या कालमधी सांगन्यासारखं कायीच नाय," गफार पहिल्या दिवशी म्हणाला. "गाडी धुतली. बिडी वढली. झोपलो."

"मग बनव. काल वाघ मारला म्हण."

"उदगीरात वाघ?"

"खोटं चालंल. चूक चालणार नाही. 'किल्ड' म्हणालास तर वाघ मेला. 'किल' म्हणालास तर तो अजून तुझ्यापुढं उभा आहे."

सगळे हसलो. त्या दिवसापासून गफार रोज एक वाघ मारायला लागला. जिजाताईंनी सून विहिरीत टाकली, वर काढली, परत टाकली. 'थ्रो'चं 'थ्रू' होतं हे त्यांना त्या विहिरीमुळेच पाठ झालं. इंग्रजीतली मारामारीची क्रियापदं वाकडी असतात, त्यांना नियम लागत नाही. सर म्हणायचे, सरळ माणसाला नियम पुरतो, वाकड्याला पाठच करावं लागतं.

मी म्हणायची: काल मी भात शिजवला. काल मी कपडे धुतले. वर्गात खरं बोलणारी मी एकटीच होते, आणि तरी सगळ्यात जास्त चुका माझ्याच.

मन्मथ उभा राहिला. त्याचे उच्चार चांगले होते, पाठांतर त्याहून चांगलं.

"यस्टरडे आय केम होम. माय वाइफ गेव्ह मी राइस. द राइस वॉज कोल्ड. आय थ्रू द प्लेट. द प्लेट ब्रोक."

"शाब्बास," सर म्हणाले. "पाच वाक्यं, पाच वाकडी क्रियापदं. बघा, असं बोलायचं."

मीही हसले. कारण आदल्या दिवशी आमच्याकडं भात नव्हताच, भाकरी होती. आणि स्टीलचं ताट कधी फुटतं का?

*

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो म्हणाला, "भात कर."

केला.

"काचेच्या ताटात वाढ. लग्नात आलेल्या."

वाढला. वाफा निघत होत्या. तो ताटापुढं मांडी घालून बसला आणि जेवलाच नाही. दुकानातल्या गोष्टी सांगत राहिला, कुणाचं गेट, कुणाची ग्रिल. मधून मधून बोटानं भात चाचपून बघायचा. शेवटी म्हणाला, "गार झाला," आणि ताट भिंतीवर फेकलं.

काचेचा एक तुकडा माझ्या घोट्यात शिरला.

"आता कसं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सर म्हणतेत खोटं चालतंय. आपल्याला नाही चालत, म्हानंदा. मन्मथ बोललाय म्हणजे ते झालंय."

गावातही त्याचं हेच नाव होतं. मन्मथनं गेट मंगळवारी देतो म्हटलं की मंगळवारी गेट दारात. शब्दाचा पक्का. माझे वडील लग्न ठरवून आले तेव्हा पोराबद्दल एवढंच एक वाक्य घेऊन आले होते.

भिंतीपलीकडं रेडिओचा आवाज वाढला. भुईमुगाचं बियाणं.

*

रोज नाही. काही दिवस तोही साप मारायचा, शर्यत जिंकायचा. पण ज्या दिवशी त्याच्या पाच वाक्यांत 'माय वाइफ' यायचं, त्या दिवशी माझ्या संध्याकाळी काय आहे ते मला वर्गातच कळायचं. पुढच्या बाकड्यावर बसून, पाठ त्याच्याकडं करून, मी माझा उद्या त्याच्या कालमध्ये ऐकायची.

"आय हिटेड हर," तो एकदा म्हणाला.

"हिटेड नसतं," सर म्हणाले. "हिट. आजही हिट, कालही हिट."

"आय हिट हर."

"हां. पुढं."

"आय पुल्ड हर हेअर. शी फेल."

"मन्मथभाऊ, जरा हळू!" गफार म्हणाला. "भाभी समोरच बसल्यात."

"आरं, ष्टोरी हाय ती."

"आमचे हे असते तर मी पान्हाच घातला असता डोक्यात," जिजाताई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळून डोळा मारला. "काय गं?"

सगळे हसले. मी हसले नसते तर ते तिथल्या तिथं खरं झालं असतं. म्हणून मी हसले.

ज्या दिवशी त्यानं 'बर्न' वापरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गाला लवकर गेले. मन्मथ खाली दुकानदाराशी बोलत थांबला होता. सर एकटेच फळा पुसत होते. मी बाही वर केली. कोपराखाली उलथन्याची कड जशीच्या तशी उठली होती.

"सर, हे सांगतात ते खोटं नसतं."

सरांनी बघितलं. एकदाच. मग फळ्याचा कोपरा पुसला, तो आधीच पुसलेला होता.

"सिस्टर, घरचं घरी," ते म्हणाले. "मी इथं क्रियापद बघतो. तुमचा पास्ट अजून कच्चा आहे आणि मुलाखत तोंडावर आली. तिकडं लक्ष द्या. एकदा गेलात की सुटलात."

जिन्यावर मन्मथच्या चपला वाजल्या. मी बाही खाली केली.

*

मुलाखत परवावर आली.

मन्मथ आठवडाभर गोड होता. माझ्या चपलेचा अंगठा त्यानं स्वतः शिवून आणला. हैदराबादच्या एजंटाशी फोनवर बोलला. "व्हय, व्हय, मीच घेऊन येतो," म्हणाला. मला वाटलं, सुटलं. मी माझी उत्तरं घोकत होते: आय वर्क्ड, आय असिस्टेड, आय गेव्ह, आय टुक.

त्या दिवशी तापलेला पत्रा अंधार पडला तरी निवला नव्हता. वीज नव्हती. बॅटरीवरचा बल्ब एकदा डोळे मिटायचा, एकदा उघडायचा. गफारनं वाघ मारला. जिजाताईंनी सुनेला माफ केलं, 'फरगिव्ह'चं 'फरगेव्ह' हवं होतं म्हणून.

मन्मथ उभा राहिला.

"यस्टरडे आय टुक माय वाइफ्स हँड."

कुणीतरी खुसखुसलं.

"आय पुट इट इन द डोअर. आय शट द डोअर. शी क्राइड." तो थांबला. पाचवं वाक्य त्यानं जपून बांधलं होतं. "आय डिड नॉट ओपन्ड."

"डिड आलं की पुढं ओपन्ड नाही," सर म्हणाले. "काल एकदाच सांगायचा. डिड नॉट ओपन."

"आय डिड नॉट ओपन इट."

"झाली पाच. बस."

गफारला या वेळी हसू यायला जरा वेळ लागला. "कोन्ता हात, भाऊ?"

"राइट," मन्मथ म्हणाला. "उजवा. कामाचा."

मग हसले सगळे.

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. तो बाकड्यावर पडला होता, पेनाशेजारी. हाडांच्या दवाखान्यात दारात चिरडलेली बोटं रोज येत. ती जुळतात. पण जुळेपर्यंत दिवस जातात, आणि जुळली तरी काहींना परत सुई धरता येत नाही. परवा आयर्लंडची माणसं आधी हात पुढं करणार होती, मग माझे कागद बघणार होती, मग विचारणार होती, तुम्ही हातांनी काय काय केलंत.

"सिस्टर," सर म्हणाले. "तुमची पाच."

उभी राहिले. ओठांवर भात होता, कपडे होते. ते आले नाहीत.

"यस्टरडे आय वेन्ट टू द किचन."

"बरं."

"आय ब्रॉट द ग्राइंडिंग स्टोन."

"वरवंटा," सरांनी बाकीच्यांना सांगितलं. "चालंल."

"अगंबाई," जिजाताई म्हणाल्या.

"आय हिट माय हजबंड ऑन द कॉलरबोन."

गफारनं बाकडं बडवलं. मागं मन्मथ पहिल्यांदा श्वास घेताना ऐकू आला.

"द बोन ब्रोक."

"पुढं," सर म्हणाले. त्यांचा खडू फळ्याला टेकला होता, लिहीत नव्हता.

"आय टुक द की अँड आय लेफ्ट."

"भाभी, तुमी तर डेंजर निघालात की!"

माडी हादरेपर्यंत हसले. सगळ्यात मोठ्यानं मन्मथ. त्यानं टाळ्या वाजवल्या. डोळ्यांतून पाणी काढलं. सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."

*

वाटेत त्यानं स्कूटर थांबवून मिरचीची भजी घेतली. सर सायकलवर आमच्या शेजारून पुढं गेले, जाताना घंटी वाजवली. मन्मथनं हात केला.

"वरवंटा म्हणं!" तो म्हणाला. भजी कढईत सोडणाऱ्यालाही त्यानं सांगितलं, "बायको वरवंटा हाणायली मला, बगा." तो माणूसही हसला.

"उचलतो का तुला?"

"रोज चटणी वाटते त्यानं."

"वाटणं वेगळं. हाणायला दंड लागतंय." त्यानं माझा दंड दोन बोटांत धरून चाचपला, प्रेमानं म्हणावं तसा. "पण ष्टोरी बेस होती. फकस्त तुझी खोटी. एवढाच फरक हाय आपल्यात."

आमच्या खोलीचं दार लोखंडी होतं. चौकटीसकट त्यानंच केलेलं. पूर्ण ओळीत दुसऱ्या कुणाचं असं दार नव्हतं. ओढलं की एक आवाज यायचा आणि मग आतलं बाहेर जात नसे.

आत आल्यावर तो खाली बसला आणि आधी भजी खाल्ली. सगळी. एक मला दिली. मी ती हातात धरून उभी राहिले. मग त्यानं कागदाला बोटं पुसली, कागदाची गोळी केली, कोपऱ्यात टाकली.

"चल," तो म्हणाला. "ये इकडं."

मी स्वयंपाकघरात गेले.

चूक. गेले नाही. पुन्हा.

मी स्वयंपाकघराकडं वळले आणि त्यानं मागून माझी वेणी धरली. उजव्या हातात भजी होती, ती सोडायचं मला सुचलं नाही. त्यानं जो हात मिळाला तो धरला. दारापर्यंत ओढत नेलं. बांगड्या चौकटीवर फुटल्या. माझी बोटं बिजागरीच्या बाजूच्या फटीत घातली. दार ओढलं.

पुढचं इंग्रजीत जास्त सोपं आहे. शी क्राइड.

भिंतीपलीकडं रेडिओचा आवाज वाढला. तुरीवरची अळी.

तो दाराला पाठ लावून उभा होता, छातीवर हातांची घडी घालून, सरांपुढं उभा राहायचा तसा. त्याचं सगळं म्हणून झालं होतं. माझ्या डोळ्यांपुढं काळं येत होतं, जात होतं. मग त्याची नजर माझ्या मोकळ्या हातावर गेली. त्या हातात अजून भजी होती, मुठीत चुरडलेली.

"आं?" तो म्हणाला. "हा डावा होय?"

त्यानं पुढं वाकून चौकटीकडं बघितलं. खरंच वाईट वाटलं त्याला. माप चुकलेलं गेट परत आल्यावर त्याचा चेहरा असा व्हायचा.

"उजवा म्हटलं होतं मी," तो म्हणाला.

आणि उजवा घालण्यासाठी त्यानं दार उघडलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आता बरोबर.

वरवंटा पाट्यावर आडवा होता, सकाळची शेंगदाण्याची चटणी त्याला वाळून चिकटलेली. त्याची झिजलेली बाजू माझ्याच हातानं झिजलेली होती. उजव्या मुठीत तो बसला. मन्मथ मागून आला, हसतच. स्वयंपाकघराची चौकट ठेंगणी होती, आत यायला त्याला मान वाकवावी लागायची.

"काय," तो म्हणाला, "ष्टोरी व्हय?"

मान वाकलेली असतानाच मी मारला.

ते हाड मोडलेलं मी दवाखान्यात रोज बघायची. मोडताना पहिल्यांदा ऐकलं. तो लगेच पडला नाही. आधी आश्चर्यानं माझ्याकडं बघत राहिला, मग स्वतःच्या खांद्याकडं, तो त्याचा राहिला नव्हता. मग गुडघ्यांवर आला. उजवा हात अंगापासून सुटल्यासारखा लोंबत होता.

"म्हानंदा," तो म्हणाला. चूक दाखवताना सर म्हणतात तसं. आणि डाव्या हातानं माझं पाऊल धरलं.

माझ्या पाच वाक्यांत दुसरा फटका नव्हता. तो मी मारला. मनगटावर. पाऊल सुटलं. तिसराही नव्हता. तिसऱ्यानं त्याचा ओठ फाटला आणि दोन दात माझ्या पायाशी आले, चटणीच्या तुकड्यांत. चौथ्याला वरवंटा वर गेला होता. तिथं तो थांबला. त्याच्या डोळ्यात मी उलटी दिसत होते, वरवंट्यासकट, आणि त्याच्या कानामागं ते ठिकाण होतं जिथं मारलं की माणूस उठत नाही. मला ते ठिकाण माहीत होतं. आम्हाला शिकवलेलं असतं.

वरवंटा पाट्यावर परत ठेवला.

करदोडा तुटेना. सुरीनं कापला. त्याच्या पोटाला लागलं असेल, रक्त दोन्हीकडचं होतं. किल्ली घेतली. कपाट उघडलं. पासपोर्ट, कागद, एक लुगडं. एका हातानं किती वेळ लागतो, तेवढा लागला.

"कुणी हाय का!" तो ओरडायला लागला होता. "आरं, मारलं रे! बायकोनं मारलं!" दातांवाचून ते नीट येत नव्हतं.

भिंतीपलीकडं रेडिओचा आवाज वाढला. एवढा मी कधीच ऐकला नव्हता. तो पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला.

बाहेर आले. मागं लोखंडी दार ओढलं. त्याचा तो आवाज आला, मग आतलं काही ऐकू येईना.

*

स्टँडजवळ गफारची जीप उभी होती, बिदरच्या सवाऱ्या शोधत. लांबूनच त्यानं हाक मारली, "काय भाभी, वरवंटा आनलात का?"

मग त्यानं पदराकडं बघितलं. मी डावा हात पदरात गुंडाळला होता आणि पदर कोपरापर्यंत लाल झाला होता.

त्यानं बिडी टाकली. "ते... ते ष्टोरी होती ना?"

"नाही."

"आनि भाऊच्या?"

"त्याही नव्हत्या."

जीपमध्ये दोन सवाऱ्या बसल्या होत्या. त्यानं त्यांना उतरवलं. ते भांडत राहिले. त्यानं सीटखालचं फडकं झटकून मला दिलं आणि गाडी चालू केली.  बिदरच्या वेशीवर त्यानं गाडी हळू केली.

"भाभी," तो म्हणाला. समोर बघत. "आमी हसत व्हतो."

 त्यानं हैदराबादच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा भांडून मिळवून दिली.

*

मुलाखत घेणाऱ्या बाईनं हात पुढं केला. मी उजवा दिला. तिनं तो धरला आणि डाव्याकडं बघितलं. दोन बोटं एकमेकांना बांधलेली होती, मध्ये आइस्क्रीमची काडी.

"व्हॉट हॅपन्ड टू युवर हँड?"

"अ डोअर शट ऑन इट."

"अँड व्हॉट डिड यू डू?"



"आय क्लीन्ड इट," मी म्हणाले. "आय टाइड द टू फिंगर्स टुगेदर. आय फाउंड अ स्टिक. आय गॉट ऑन द बस. आय केम हिअर."

तिनं काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, तुमचं इंग्रजी स्वच्छ आहे. कुठं शिकलात?

मी गावाचं नाव सांगितलं. सरांचं नाही.

मन्मथच्या खांद्याला प्लास्टर लागलं, मी ज्या दवाखान्यात होते तिथंच. स्कूटरवरून पडलो, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. पोलिसांनाही तेच, मोंढ्यातही तेच. जिजाताईंनी मला हे कळवलं. माझ्या माहितीत ते त्याचं पहिलं खोटं. पुढं काडीमोड झाला तेव्हा कोर्टातही तो स्कूटरवरून पडण्यावर कायम होता. शब्दाचा पक्का.

जिजाताईंनी आणखी एक सांगितलं. मी गेल्यानंतरही वर्ग चालू राहिला. नवीन मुलं आली. सरांनी पाच वाक्यं बंद केली नाहीत. फक्त ते एवढं म्हणायला लागले, की शक्यतो बाहेरचं सांगा, बाजारातलं, प्रवासातलं.

लग्नानंतर आम्ही खोली शोधत होतो, तेव्हा ती खोली, लोखंडी दार बसवण्याआधीची, आम्हाला डोईजोडे सरांनी दाखवली. ते भिंतीपलीकडे राहत होते.